बेंदराच्या फोटोची कडेची पट्टी

आमच्या घरात फोटोंचा कधी तुटवडा नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, त्या काळात खेडेगावात कुठले हो फोटो. तर होते. ढिगानं होते. आमचे हे आष्ट्याच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर, आणि लग्नाआधीपासून त्यांना फोटोचा नाद. नाद म्हणजे जेवणाखाण्याची शुद्ध नसायची. पोटाशी धरून वरून खाली बघायचा एक पेटीसारखा कॅमेरा होता, तो त्यांनी मिरजेच्या कुणा रेल्वेतल्या माणसाकडून जुना घेतला होता. फोटो धुवायचा सगळा कारखाना न्हाणीत. खिडकीला पोतं, दाराला गोधडी आणि लाल कागद गुंडाळलेला बल्ब. रविवारी दुपारी हे आत शिरले की घरात कुणी आंघोळीचं नाव काढायचं नाही. फोटो मोठा करायचं यंत्रसुद्धा यांनी तुपाचा डबा कापून, त्यात भिंग बसवून स्वतः केलं होतं. त्या डब्यामुळं घरात तूप कशात ठेवायचं हा प्रश्न वर्षभर माझ्यापुढं होता, यांच्यापुढं नव्हता.

मी पाटणची. आमच्याकडं माणूस पलटणीत निघालं की त्याचा एक फोटो काढायचे आणि सुखरूप परत आलं की दुसरा. एवढाच फोटोशी संबंध. त्यामुळं लग्न होऊन इथं आले तेव्हा मला हे सगळं म्हणजे नाटकच वाटलं. कारण साधा फोटो यांना गोडच लागायचा नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावर अर्धा काळा कागद चिकटवून यांनी एका चुलतभावाचा, सैन्यातून रजेवर आला होता त्याचा, फोटो काढला. त्यात तो स्वतःच स्वतःला तंबाखू देत होता. शेजारची म्हातारी तो फोटो बघून गेली आणि गावभर सांगत सुटली की मास्तरच्या भावाला जुळा भाऊ हाय, आजपातूर लपवून ठेवला हुता. नवीन लग्न झालेली जोडपी यांच्याकडं यायची, त्यांना हे विड्याच्या पानाच्या आकारात बसवून द्यायचे. माझाही एक फोटो होता. कमळातून वर आलेली मी, आणि कमरेखाली माझा पत्ताच नाही. तो यांनी आरशाच्या मागचा रंग खरवडून त्यात बसवला होता. वेणी घालायला आरशापुढं बसलं की एकीकडं मी आणि एकीकडं कमळातली मी. मी म्हणायची, "आवं, निदान भांग दिसंल एवढा तरी आरसा ठेवायचा." हे खूश व्हायचे. त्यांना तेच हवं असायचं.

म्हणजे बघा, गावातला सोम्यागोम्या, त्याची म्हैस, त्याची सायकल, सगळ्यांचे फोटो आमच्या न्हाणीत दोरीवर वाळत पडलेले असायचे. आणि आमच्या पोरीचा एक फोटो नाही.

पोरगी माझी पहिली. पाटणला माहेरी झाली आणि बारशानंतर मी तिला आष्ट्याला घेऊन आले. आल्या दिवशी हे कॅमेरा घेऊन दारातच उभे. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, भाकरतुकडा ओवाळायला थांबल्या होत्या. त्यांनी तो तुकडा तसाच हातात धरून यांना सांगितलं, "जावळ निघाल्याबिगर लेकराचा फोटू न्हाई काढायचा. ते काचंचं डोळं वाईट असत्यात." हे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरी हे पाळत होते, आमच्या शेजारीपाजारीही पाळत होते. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधायचा, तीट लावायची आणि जावळ निघेपर्यंत फोटोपुढं बसवायचं नाही. जावळ कुलदैवताला जाऊन काढायचं, ते वर्षाच्या आत. यांनी माझ्याकडं बघितलं. मी पोरीला पदराखाली घेतलं. मलाही भीती होतीच, उगाच शहाणपण कशाला सांगू.

त्यामुळं हे पोरीभोवती घुटमळायचे आणि तिच्याऐवजी तिच्या वस्तूंचे फोटो काढायचे. तिच्या झबल्याचा काढला, दोरीवर वाळत घातलेलं. रिकाम्या पाळण्याचा काढला. पाळणा हलता होता म्हणून त्यात नुसते पांढरे पट्टे आलेत. मला म्हणायचे, "जावळ निघू दे, मग बग. चंद्रात बसवतो हिला. चंद्राच्या कोरीवर झोका बांधतो." कागदावर त्यांनी तो चंद्र काढूनही ठेवला होता.

पोरगी पाचव्या महिन्यात असताना बेंदूर आला, आमच्याकडचा बैलांचा सण. आमचे थोरले भावजी शेजारीच वेगळे राहायचे. त्यांनी त्या साली खरसुंडीच्या बाजारातनं खिलार बैलांची जोडी आणली होती आणि तिच्यापुढं त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. शिंगांना लाल हिंगूळ, अंगावर आरशांची झूल, कपाळाला बाशिंग. आमच्या दोन्ही घरांच्या पुढच्या अंगणात जोडी उभी केली आणि भावजींनी यांना हाक मारली, फोटू काढ म्हणून.

मी तेव्हाच पोरीला न्हाऊ घालून उठले होते. डोळ्यांत काजळ घातलं आणि बोटाला राहिलेलं काजळ तिच्या गालाला टेकवलं. तीट लावायची माझी अशी एक बाजू ठरलेली नव्हती. मांडीवर ती जशी वळेल त्या गालावर बोट टेकायचं. मग तिला कडेवर घेऊन मी दारात आले, बैल बघायला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकून ती माझ्या खांद्यावर थापट्या मारायला लागली. आत्याबाई आतनं म्हणाल्या, "लेकरू आत घे गं, फोटू काढालाय त्यो." मी म्हटलं, "आवं, बैलांचा काढालेत." आणि अर्धं पाऊल मागं झाले. तेवढ्यात यांनी खटका दाबला.

तो फोटो यांनी मोठा करून भावजींना दिला. बैल लय झकास आले होते. उजव्या कडेला दाराची चौकट आणि त्यात मी, अर्धी. सगळ्यांनी बैल बघितले, मीही बैलच बघितले. पोरगी पाळण्यात झोपली होती, तिला फोटोत कशाला बघायचं? भावजी तो फोटो सांगलीला घेऊन गेले आणि काच लावून आणून त्यांच्या सोप्यात टांगला.

गणपतीत पोरगी तापली. आधी आम्ही घरचं केलं, मग गावातल्या डॉक्टरचं, मग छातीतनं आवाज यायला लागला तेव्हा तिला पोटाशी धरून एस.टी.नं मिरजेला गेलो. मिरजेला दवाखान्यांची काय कमी. आम्ही जिथं होतो त्याच्या समोर सतार-तंबोरे करणाऱ्याचं दुकान होतं आणि दिवसभर तिथं कुणीतरी एकच तार छेडायचं, थांबायचं, परत छेडायचं. मी खिडकीशी उभी राहून मनात म्हणायची, बाबा, एकदाची लागू दे ती तार. डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, नर्सबाई रात्रंदिवस होत्या, कुणाला बोल लावायला जागा नाही. गणपती उठायच्या आत ती गेली.

एवढ्याशा जीवाला जाळत नाहीत, पुरतात. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

त्यानंतरचे महिने मी कामं करत होते. भाकरी थापत होते, शेण काढत होते. माणसं म्हणायची, सावरली बिचारी. मी सावरले नव्हते, मी तिला बघत होते. डोळे मिटले की दिसायची. भाकरी थापताना तर उघड्या डोळ्यांनी दिसायची, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत. एवढं तरी आपल्याकडं आहे, हे कुणी नेऊ शकत नाही, असं मला वाटायचं. मग दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी चुलीपुढं बसले असताना मला तिचं नाक आठवेना. डोळे आठवत होते, हनुवटी आठवत होती आणि मधली जागा नुसती रिकामी. तिच्या मरणाला मी घाबरले नव्हते तेवढी त्या सकाळी घाबरले. ती दुसऱ्यांदा जायला लागली होती, आणि या वेळी माझ्यातनं.

त्याच घाबऱ्यात मला बेंदूर आठवला. मी दारात होते. पोरगी कडेवर होती.

पिठाच्या हातानंच मी भावजींच्या घरात गेले. सोप्यात फोटो होता. दोन्ही बैल, झूल, बाशिंगं, भावजींच्या हातातला कासरा. आणि उजव्या कडेला जिथं दार असायला हवं तिथं फोटोच्या चौकटीचं लाकूड. मी फोटो खिळ्यावरनं काढला, उलटा केला, परत सुलटा केला. जाऊबाई म्हणाल्या, "काय हुडकतीस गं?" मी म्हटलं, "मी हुते हितं." भावजी जेवत होते. हात धुवून उठून आले, फोटो बघितला आणि म्हणाले, "चौकट तयार मिळाली हुती. त्यात बसंना, म्हणून चौकटवाल्यानं कडची पट्टी कापली. मीच म्हनलो, बैल तेवढं दिसूं द्या." म्हणता म्हणताच त्यांच्या ध्यानात आलं की मी काय शोधतेय. मोठा दांडगा माणूस, पण त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हे शाळेतनं आल्यावर मी सांगितलं. चपलाही न काढता यांनी ट्रंक उघडली, निगेटिव्हांची पाकिटं पलंगावर ओतली. निगेटिव्ह सापडली. खिडकीकडं धरली. कडेला दाराची चौकट, तिच्यात मी, आणि माझ्या खांद्याशी ज्वारीच्या दाण्याएवढा एक ठिपका. "हाय," हे म्हणाले. "अगं, हाय ती." आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला सुखच झालं होतं. पोरगी सापडली होती.

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा न्हाणीत यांच्याबरोबर आत गेले. लाल उजेडात यांनी तो तुपाचा डबा असा उंच केला की तो छताला टेकला, तरी चेहरा रुपयाएवढाच झाला. कागद थाळीतल्या औषधात टाकला. आधी कोरा होता. मग दाराची चौकट आली, मग माझा खांदा, माझा पदर. मग त्याच्या वर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. मी थाळीवर वाकले होते, माझा श्वास लागून पाणी हलत होतं. चेहरा आला. म्हणजे चेहऱ्याची जागा आली. रव्यासारखे दाणे दाणे. डोळ्यांच्या ठिकाणी सावली, तोंडाच्या ठिकाणी सावली, आणि गालावर एक काळा ठिपका, चांगला ठळक.

"ही तीट," मी म्हणाले. "ही मी लावलीय."

त्या सगळ्या चेहऱ्यात खात्रीचं तेवढंच होतं. नाक तिचं की दाण्यांचा खेळ, सांगता येत नव्हतं. पण त्या ठिपक्याला मी माझ्या या बोटानं हात लावला होता, आणि तो ठिपका तिच्या गालावर होता. मला तेवढा फोटो पुरला असता. यांना पुरला नाही.

यांना वाटायचं, नीट केलं तर ती अजून दिसेल. दाण्यांच्या मागं ती आहे, फक्त बाहेर काढायची. मग सुरू झालं. फोटो जरा मऊ येऊ दे म्हणून भिंगापुढं माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा धरून छापला. सगळा चेहरा धुक्यात गेला. मग काळा-पांढरा भडक करून छापला, तर डोळ्यांच्या खोबणी झाल्या आणि मी तो बघून न्हाणीच्या बाहेर येऊन बसले. एकदा निगेटिव्ह उलटी लावून छापली, म्हणाले, उलटं बघितलं की चूक कळते, चित्रात आम्ही असंच करतो. मग कातरीनं तिचा चेहरा कापून चंद्राच्या कोरीवर ठेवला, त्या आधी काढलेल्या चंद्रावर. चंद्र छान होता. त्यावर बसलेली ती रव्याची पोर बघून आत्याबाईंनी तोंड फिरवलं आणि यांना म्हणाल्या, "आता बास कर रं." हे थांबले नाहीत. पाच पाच कागद एका दिवसात वाया जायचे. फोटो पक्का करायचं औषध, हायपो, जुनं झालेलं, उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्याची ओढ, त्यामुळं फोटो पुरते धुतलेही जात नव्हते. मी यांना न सांगता त्यातले दोन उचलून पोथीच्या फडक्यात ठेवले. एक सुलटा, एक उलटा. त्यात तीट होती म्हणून.

शेवटी हे सांगलीला गेले. तिथं पेठेत एका स्टुडिओत फोटो रंगवणारा एक चितारी होता. मेलेल्या माणसाचे डोळे उघडून द्यायचा, टोपीवाल्याला फेटा बांधून द्यायचा, असं त्याचं नाव होतं. यांनी त्याला आमच्यातला बरा फोटो दिला आणि सांगितलं, लेकराचा चेहरा नीट करून द्या. यात त्याची तरी काय चूक होती? त्यानं त्या फोटोचा फोटो काढला, मोठा केला आणि वर ब्रशनं चेहरा उभा केला.

यांनी ते घरी आणलं त्या दिवशी सगळी जमली होती. आत्याबाई, भावजी, जाऊबाई, शेजारीण. कागद सोडला. आत एक बाळ होतं. गोरं, गाल गुलाबी, डोळे मोठे, ओठ लालचुटूक, गळ्यात मोत्यांचा सर, अंगात झालरीचं झबलं. मागं निळं आभाळ. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "माझी बाय गं," म्हणाल्या. जाऊबाई म्हणाल्या, "हुबेहूब." भावजी म्हणाले, "व्हय, अगदी हीच." शेजारणीनं तर पोरीला दोनदाच बघितलं होतं, तिनंही मान हलवली.

मी बघत राहिले. गाल कोरे होते.

"तीट कुठाय?" मी विचारलं.

हे जवळ येऊन बघायला लागले. मग म्हणाले, "त्याला डाग वाटला आसंल. फोटूवरचा कचरा आसंल म्हणून काढला आसंल."

"कचरा," मी म्हणाले.

त्या दिवशी मी सगळ्यांच्या देखत यांच्याशी भांडले. लाज सोडून भांडले. म्हटलं, त्या फोटोत माझ्या पोरीचं असं एकच होतं, तेवढंच तुम्ही पुसून आणलंत आणि बाकी सगळं परक्याचं भरलंत. हे कोण आहे? हे माझं नाही. आत्याबाईंना वाटलं माझं डोकं फिरलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आसं म्हणू ने, बया. बग तरी कशी हसतीया." ती हसत होती हे खरं. आमच्या फोटोत ती हसत नव्हती.

यांनी मला शब्द दिला की साधा फोटो परत छापून देतो, तीट तशीच ठेवून, काही न करता. चितारीकडचा नमुन्याचा फोटो मागायला गेले, तर तो सापडेना. निगेटिव्ह होती, पण इतक्या वेळा हाताळून तिच्यावर बोटांचे ठसे, धूळ. हे म्हणाले, धुवून घेतो आधी, स्वच्छ होईल. वैशाखाचं ऊन. पाण्याचं पिंप पत्र्याखाली. यांनी पिंपातलं पाणी थाळीत घेतलं, निगेटिव्ह टाकली आणि कागद आणायला आत गेले. परत आले आणि हाक मारली. हाक अशी होती की मी कढई तशीच टाकून धावले.

पाणी गरम होतं. हाताला सोसेल असंच, पण त्या निगेटिव्हला सोसलं नाही. वरचा थर सुटला होता. थाळीत पातळ साय तरंगावी तसं काहीतरी तरंगत होतं, आणि खाली स्वच्छ काचेसारखी पट्टी. यांनी ती साय दोन बोटांनी उचलायला बघितली. ती बोटांना चिकटली आणि चुरगळली. बैल, कासरा, दार, मी आणि ती, सगळं मिळून यांच्या चिमटीत मावलं.

हे चिमूट तशीच धरून उकिडवे बसले होते. मी थाळीतलं पाणी मोरीत ओतलं. भांडायलाही काहीतरी शिल्लक लागतं. त्यानंतर न्हाणीत आम्ही आंघोळच केली. पोतं काढलं, गोधडी धुतली, तुपाचा डबा जाऊबाईंना दिला. यांनी कॅमेऱ्याला परत हात लावला नाही. गावातली माणसं पानात बसवून घ्यायला यायची, हे सांगायचे, डोळं गेलं माझं, दिसत न्हाई.

रंगवलेला फोटो मात्र घरात टांगला गेला. देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर, मण्यांची चौकट करून. जाऊबाईंनी ते मणी ओवले, हौसेनं नाही, प्रायश्चित्तासारखे. आत्याबाई दर सणाला त्याला हार घालायच्या. पुढं मला मुलगा झाला, मग दुसरा. त्यांना कळायला लागलं तसं आत्याबाई त्यांना कडेवर घेऊन सांगायच्या, ही तुमची ताई. पोरं त्या गोऱ्या बाळाला ताई म्हणायची. हळूहळू घरात सगळ्यांनाच ती तशी आठवायला लागली. आत्याबाई म्हणायच्या, "लय हसायची गं." हसायची कुठली, रडकी होती माझी पोर, पोटात दुखायचं तिला. मी आधी आधी सांगायची. मग सांगायचं सोडलं, कारण रात्री डोळे मिटल्यावर मलाही ते गुलाबी गालच दिसायला लागले. मी त्या चेहऱ्याला हुसकून लावायची आणि मागनं दुसरं कुणी यायचं नाही.

धाकटा मुलगा चालायला लागला त्या साली आम्ही साताऱ्याला एका लग्नाला गेलो. नवरीच्या घरी उतरलो होतो. नवरीच्या चुलतीचं माहेर मिरजेचं. दुपारी मुलाला निजवायला तिनं मला आतल्या खोलीत नेलं. मी त्याला मांडीवर घेतलं, वर बघितलं, आणि समोरच्या भिंतीवर माझ्या पोरीचा फोटो होता.

तेच डोळे. तेच ओठ. तेच हसू. झबलं तेवढं निळं, आणि मोत्यांच्या ऐवजी सोन्याची साखळी. चुलतीनं माझी नजर बघितली आणि खाली बसली. "आमचा थोरला," म्हणाली. "आठ महिन्यांचा हुता. फोटूच नव्हता त्याचा नीट. सांगलीला करून आणला." मग उठून पदरानं काच पुसली. "हुबेहूब हाय बगा. अगदी आसाच हुता."

मी त्या बाईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत इतकं समाधान होतं की मला तिचा हेवा वाटला. तिला मुलगा पुरता मिळाला होता. मी म्हणाले, "व्हय, हुबेहूब."

आष्ट्याला परत आले त्या दिवशी बॅग सोडायच्या आधी मी पोथीचं फडकं काढलं. ते दोन फोटो कितीतरी वर्षांत बघितले नव्हते. बघवत नव्हतं म्हणून. फडकं सोडलं तर दोन्ही कागद पिवळे पडले होते, कडेनं तपकिरी, आणि मधे काही नाही. माझ्या खांद्याची एक रेघ तेवढी ओळखू येत होती. अंगणात उजेडाला नेऊन बघितलं, डोळ्यांशी धरलं, लांब धरलं. ठिपका नव्हता.

मग मला एकच सुचलं. काजळाची डबी घेतली, पाट ओढला आणि भिंतीपुढं उभी राहिले. म्हटलं, काचेवर लावायची. चितारीनं पुसलेली तीट मी परत लावायची, रोज लावायची. ते बाळ जगातल्या कुणाचंही असू दे, तीट असली की तेवढ्यापुरतं ते माझं. बोट काजळात बुडवलं, काचेपाशी नेलं आणि तसंच थांबलं.

कुठला गाल?

एका फोटोत या बाजूला होती, दुसऱ्यात त्या. सुलटा कुठला आणि उलटा कुठला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. दोन्हीत आहे ना, एवढ्यावर मी समाधान मानलं होतं. त्या दिवशीची सकाळ आठवायला बघितली. मांडी आठवली, न्हाऊ घातल्याचा वास आठवला, बोट आठवलं. बोट खाली जातंय आणि तिथं त्या चितारीचं गुलाबी बाळ पडलेलं आहे.

हे दारातनं आत आले. मी पाटावर तशीच, बोट वर. त्यांना विचारावं लागलं नाही, डबी दिसली त्यांना. मी विचारलं, "बेंदराला कुठल्या गालावर हुती वं?"

हे भिंतीकडं वळले. मग हातानं हवेत खुणा करायला लागले, जशी त्यांना फोटो मांडताना सवय होती. "काळपट मानेचा कोसा बैल डाव्या हाताला हुता," म्हणाले. "त्याचं बाशिंग जरा तिरकं झालं हुतं. दुसरा उजवीकडं, त्याच्या उजव्या शिंगाचा हिंगूळ ओघळला हुता. दादाच्या हातात कासरा, दोन पीळ दिलेला. त्याच्यामागं दार. दारात तू. हिरवं लुगडं. आन् तुझ्या कडेवर..."

हात हवेत थांबला. बैलांचं त्यांना सगळं आठवत होतं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "मी बैलंच बगत हुतो."

मी पाटावरून उतरले, बोट पदराला पुसलं आणि चहा ठेवायला आत गेले.